चार ते नऊ

आमच्या गस्टीनमध्ये, कॅलिफोर्नियातल्या या गोठ्यांच्या गावात, मीनो बोर्बाकडे जेवायला जायचं तर माणूस आधी घड्याळ बघायचा. दुपारी चारच्या आत पोचलात तर ताटात काहीतरी वाफाळतं पडायचं. चारनंतर गेलात तर पाव, चीज, ऑलिव्ह आणि थंड सॉसेजवर भागवावं लागायचं. नऊनंतर गेलात तर त्याची म्हातारी आई देओलिंदा पुन्हा विजेची शेगडी लावून वाढायला तयार असायची, पण तोवर मीनो खुर्चीतच घोरत असायचा. गावानं त्याचं नावच 'चार ते नऊ' ठेवलं होतं. तेही माघारी नव्हे, तोंडावर. "काय चार-ते-नऊ, कसं काय?" असं लोक त्याला चर्चच्या पायरीवरसुद्धा विचारायचे.

आमच्याकडे वीज दिवसभर एका भावानं मिळत नाही. दुपारी चार ते रात्री नऊ ती सगळ्यांत महाग, आणि मध्यरात्रीनंतर त्याच्या निम्म्यानं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बहुतेक लोक बिल आलं की कंपनीला दोन शिव्या हासडतात, पैसे भरतात आणि संध्याकाळी पाचला पुन्हा एसी लावून टीव्हीपुढे बसतात. मीनोनं मात्र ते मनाला लावून घेतलं.

तो मुळात चिकट माणूस नव्हता. जत्रेतल्या बैलांच्या खेळात पैज हरला तरी अख्ख्या बाकाला बिअर पाजणाऱ्यांतला. अठ्ठावन्न वर्षांचा. बायको केव्हाच सोडून गेली होती, मूलबाळ नाही, घरात तो आणि चौऱ्याऐंशी वर्षांची माय. देओलिंदा एकोणिसाव्या वर्षी लग्न करून पोर्तुगालच्या तेर्सेरा बेटावरून इथे आली. नवऱ्याबरोबर दुसऱ्यांच्या गायींच्या धारा काढल्या, दोन मुलं वाढवली, नवऱ्याला पुरलं, आणि पासष्ट वर्षं इंग्रजीवाचून निभावून नेली. तिचं सगळं बोलणं पोर्तुगीजमध्ये, आणि रागावणं फक्त डोळ्यांत.

मीनोचं काम दूध तपासायचं. पहाटे तीनला गोठ्यावर पोचायचं, धार चालू असताना कुठल्या गायीनं किती दूध दिलं ते लिहायचं, प्रत्येकीचा नमुना इवल्याशा बाटलीत घ्यायचा, की निघाला पुढच्या गोठ्याकडे. दिवसाला साठ-सत्तर मैल सहज व्हायचे. पेट्रोल गॅलनला सहा डॉलरवर गेलं तेव्हा त्याची जुनी पिकअप पगारातला मोठा वाटा प्यायला लागली. मग त्यानं मोडेस्टोहून एक वापरलेली, छोटी, निळी इलेक्ट्रिक गाडी उचलून आणली. एकदा भरली की नव्वद मैल जायची, तेही देवाच्या मनात असलं तर.

शेजारचा ऑगी सिल्वेरा डिझेलचा धिप्पाड ट्रक बाळगून होता. त्यानं कुंपण ओलांडून गाडीभोवती एक फेरी मारली.

"हिला चावी कुठून देतात रे? मागून?"

"हस लेका, हस. महिन्याला अडीचशे डॉलर वाचणार आहेत माझे."

"वाचव, वाचव. आणि रस्त्यात बसली की मला फोन कर. खिशात घालून आणीन तिला."

देओलिंदा व्हरांड्यातून हसत होती. तिला गाडी पसंत पडली होती, कारण पिकअपसारखा पाय वर उचलून चढावं लागत नव्हतं. पहिल्या रविवारी ती डोक्याला रुमाल बांधून पुढच्या सीटवर बसली आणि चर्चपर्यंतच्या सहा गल्ल्यांत ओळखीच्या प्रत्येकाला तिनं हात केला.

पहिलं दीड वर्ष मीनो खरोखर सुखात होता. मग वीज कंपनीची पत्रं यायला लागली. ही पत्रं फार गोड असतात. आपल्या सुरक्षिततेसाठी, तारा जमिनीखाली नेण्यासाठी, आपली अधिक चांगली सेवा करता यावी म्हणून, असं करत करत तिसऱ्या परिच्छेदात हळूच नवा दर. जानेवारीत एक वाढ, मार्चमध्ये दुसरी, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दीडशेचं बिल दोनशेऐंशी झालं, मग चारशे. पेट्रोलवर वाचलेले पैसे मीटरवाटे निघून जायला लागले, आणि त्या पाच तासांनी मीनोच्या डोक्यात घर केलं.

त्यानं गाडीला टायमर लावला, तो बाराच्या ठोक्याला सुरू व्हायचा. कपडे धुवायचे तर पहाटे, तो कामाला निघायच्या आधी. मांसाचा रस्सा असो की कोबीचं सूप, सकाळी शिजवून ठेवायचं. फ्रीज उघडायचा तर काय घ्यायचं ते आधी ठरवून. देओलिंदानं कधी कुरकुर केली नाही. ती मोठी होईपर्यंत तिच्या बेटावर विजेचा दिवाच आला नव्हता. "अंधारात आम्ही दहा भावंडं जेवायचो, कुणाचा घास नाकात गेला नाही," असं ती सांगायची. चार वाजले की आपण होऊन उठायची, एसी बंद करायची, पडदे ओढायची, आणि गार पाण्याच्या टबात पाय सोडून मागच्या दाराशी जपमाळ घेऊन बसायची. पाहुणा आला तर त्याला म्हणायची, "कॉफी हवीय? मग नऊपर्यंत गप्पा मार."

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, आणि गाव हसतही होतं. बिघडलं ते मागल्या वर्षीच्या ऑक्टोबरात.

ऑगीची बायको लूर्देस ऑपरेशन होऊन घरी आली होती. देओलिंदाला वाटलं, बाईला ताजा गोड पाव करून द्यावा. थंडीमुळे पीठ फुगायला वेळ लागला आणि ओव्हन लावेपर्यंत पाच वाजले. नेमकं त्याच दिवशी चारशेऐंशी डॉलरचं बिल आलं. मीनो चौदा तास उभं राहून, गुडघ्यापर्यंत शेणानं भरून आला, टपालपेटीतलं पाकीट दारातच फाडलं आणि आत पाऊल टाकतो तर घरभर पावाचा घमघमाट.

"माय! घड्याळ कळत नाही का तुला?"

"अरे, लूर्देससाठी. दोनच आहेत."

"दोन काय नि चार काय! हे बघ. हे बघ किती आलंय! मी तिकडे मर मर मरतो, एकेक दिवा मालवत फिरतो, आणि तू पाच वाजता ओव्हन लावून बसतेस? असंच चाललं ना, तर घर विकावं लागेल मला. भिकेला लावशील!"

त्याचा आवाज कुंपणापलीकडे ऑगीच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला. देओलिंदानं ओव्हन बंद केला. पाव आत तसेच राहिले, वरून लालसर आणि आतून कच्चे, आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या पुढ्यात गेले.

मीनोला त्याच रात्री वाईट वाटलं होतं. पण 'चुकलो' हा शब्द बोर्बांच्या घराण्यात कुणाच्या तोंडून निघाल्याचं गावाला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या आवडीचं बेटावरचं चीज आणलं, गुपचूप टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला निघून गेला. त्याच्या लेखी विषय मिटला.

तिच्या लेखी तो मिटला नाही. घर विकावं लागेल, हे तिनं जसंच्या तसं खरं मानलं. तिच्या नवऱ्यानं बावीस वर्षं धारा काढून ते घर उभं केलं होतं. त्या दिवसापासून नऊच्या आत तिनं स्वयंपाकघरातला दिवाही लावला नाही. मीनो कधी उशिरा आला तर म्हातारी अंधारात चाचपडत बटाटे सोलताना दिसायची. "लाव गं दिवा," तो म्हणायचा. "कशाला? बटाटा पळून चाललाय का?" ती म्हणायची. तो हसायचा. त्याला वाटायचं, चला, हिला आता अंगवळणी पडलं. इतका खुळा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तरी आपल्यापैकी कोण शहाणं निघालं असतं, तेही मला सांगता येत नाही.

यंदाच्या जुलैत पारा एकशे दहा फॅरनहाइटवर गेला. मीनोला त्या दिवशी एका गोठ्यावर उशीर झाला. सहाला तो घरी आला तेव्हा माय स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली होती, हातात ओलं फडकं. एसीचं बटण तिच्यापासून चार पावलांवर होतं.

लॉस बॅनोसच्या हॉस्पिटलात तिला सलाईन लावलं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. मीनोची थोरली बहीण नतालिया फ्रेस्नोहून धावत आली आणि हॉस्पिटलच्या दारातच सुरू झाली.

"विजेच्या बिलापायी आईला भाजून काढतोस होय रे?"

"तुला बोलायला काय जातंय! तुझ्या छपरावर सोलर आहे."

"आणि तुझ्या डोक्यात काय आहे?"

"मी कधी म्हणालो तिला, मर पण एसी लावू नकोस? एवढं होत होतं तर लावायचा. एवढी अक्कल..."

"तिची अक्कल काढू नकोस, मीनो. तू काय काय बोलला होतास ते सगळं लूर्देसनं सांगितलंय मला."

आतून देओलिंदाचा बारीक आवाज आला, "भांडायचं तर बाहेर जा. इथे आजारी माणसं आहेत."

नतालियाकडे चोवीस तास गारवा होता. तिनं जुन्या नियमांत सोलर बसवून घेतलं होतं, त्यामुळे तिचं बिल नावापुरतं यायचं. आता तेच करायला गेलं तर वीस-पंचवीस हजार लागतात आणि कंपनी उरलेल्या विजेचं परत फारसं काही देत नाही, म्हणून मीनोनं तो विचार कधीच सोडला होता. देओलिंदा लेकीकडे जायला तयार झाली, पण अट घालून. "उन्हाळ्यापुरतीच. जत्रेला मी घरी पाहिजे. पुदिना कोण निवडणार?"

सप्टेंबरात आमच्याकडे मेरी माउलीची मोठी जत्रा भरते. गावच्या हॉलमध्ये हजारो माणसं जेवून उठतात. पावाच्या जाड तुकड्यांवर मांसाचा गरम रस्सा आणि वर पुदिन्याची पानं. तो पुदिना निवडायला देओलिंदा त्रेचाळीस वर्षं हॉलच्या मागच्या बाकावर बसत आली होती. नवरा गेला त्या वर्षीही तिचा नेम चुकला नव्हता, काळे कपडे घालून निवडला होता.

"जत्रेच्या आधीच्या रविवारी न्यायला येतो," मीनो म्हणाला. "नक्की."

"गाडी रात्रीच भर."

"होय गं माय."

मग मीनो एकटा राहिला. चारला घरी यायचा तेव्हा पडदे आधीच ओढलेले असायचे, कारण ते उघडायलाच कुणी नव्हतं. महिन्याचं बिल साठ डॉलरनं उतरलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच उतरलेलं. साठ डॉलर म्हणजे माय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. ते बिल त्यानं भरलं, पण कागद टेबलावर ठेवायला नको म्हणून खणात खाली सारला.

दर रविवारी तो फ्रेस्नोला जायचा. रात्रभर भरलेली गाडी तिथे पोचेपर्यंत रिकामी व्हायची, मग नतालियाच्या सोलरवर दुपारभर लावायची. "आला फुकट्या," नतालिया म्हणायची आणि वायर पुढे करायची. देओलिंदा गार खोलीत खिडकीशी बसलेली असायची. पण चार वाजायला आले की तिची चुळबुळ सुरू व्हायची. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उठायची आणि भिंतीवरचं एसीचं बटण शोधायची.

"माय, इथे नाही लागत बंद करायला," नतालिया दर वेळी सांगायची.

"असू दे गं. सवय मोडली तर घरी गेल्यावर जड जाईल."

ऑगस्टच्या मध्याला डॉक्टरांनी नतालियाला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय अगदीच क्षीण झालंय, महिना म्हणा, दोन महिने म्हणा. तिनं फोनवर मीनोला सांगितलं. तो म्हणाला, "जत्रा तर मिळेल ना तिला? मी तिला घरी आणतो नतालिया. पुदिना निवडू दे. पुढचं पुढे."

घरी आणायचं म्हणजे सप्टेंबरच्या उन्हात आणायचं. घराचा जुना एसी सगळं घर गार करायला निघायचा आणि बिल फुगवून ठेवायचा. मीनोनं विचार केला, एकट्या तिच्या खोलीचा गारवा चार ते नऊ चालू ठेवला तर? त्यानं जादाचे दोन गोठे घेतले. रात्री चार तास झोपायचा आणि उभ्या उभ्या डुलक्या काढायचा. एका गायीनं लाथ मारून त्याच्या पोटरीवर काळानिळा डाग उठवला. ऑगस्ट संपता संपता एका गुरुवारी, परत येताना, त्यानं लॉस बॅनोसच्या दुकानातून खिडकीत बसवायचा एक छोटा एसी घेतला आणि मागच्या सीटवर आडवा घालून आणला. गाडीत तीस टक्के उरले होते. नेहमीसारखी ती बारा वाजता भरायला लागणार होती.

ऑगी मदतीला आला. दोघांनी मिळून तो एसी देओलिंदाच्या खोलीच्या खिडकीत बसवला आणि फटी फोमनं बुजवल्या.

"म्हणजे हा चार ते नऊ चालणार?"

"चालणार."

"मग आता आम्ही तुला हाक काय मारायची?"

"मीनो म्हणा. बापानं ठेवलंय."

ऑगीनं स्क्रू पिळता पिळता विचारलं, "म्हातारीला सांगितलंस?"

"नाही. फोनवर सांगितलं तर परत कर म्हणून जीव खाईल माझा. आली की खोलीत नेईन, दार लावीन, मग काय बोलायचं ते बोल म्हणावं."

"सांग रे. खूश होईल बिचारी."

"आली की बघेलच ना. दोन आठवडे तर राहिलेत."

ऑगी गेला तेव्हा साडेपाच होत आले होते. मीनोनं बटण दाबलं. एसी जरा खोकला आणि मग गार हवा यायला लागली. मीनो मायच्या पलंगाच्या कडेवर बसला. भर महागाच्या तासात, स्वतःच्या हातानं लावलेला एसी, आणि मीटर किती पळतोय ते बघायला जावंसं त्याला वाटलं नाही. तिला इथे बसलेली तो मनात बघत होता. आधी रागावेल, मग हात पुढे करून हवा बघेल, मग म्हणेल, किती पडले रे? आपण काय उत्तर द्यायचं, याची त्यानं दोन-तीनदा तयारी केली. कित्येक दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. महिन्याची झोप साचलेली होती. तो आडवा झाला आणि तिच्याच उशीवर त्याला डोळा लागला.

साडेआठला फोनच्या आवाजानं तो उठला. नतालिया होती. "मीनो," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलता येईना. त्याला कळलं.

ऑगीनं त्याला ट्रकमधून फ्रेस्नोला नेलं. वाटभर ऑगीनं एकही थट्टा केली नाही, आणि त्या माणसाला तेवढं कधी जमलेलं कुणी पाहिलं नव्हतं. देओलिंदाला लेकीनं धुवून पुसून पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं, जपमाळ मनगटाला गुंडाळून. मीनो तिच्या पायांशी बसला. तिच्या टाचांच्या भेगा तशाच होत्या. त्यानं टाचा हातात धरल्या त्या सोडल्याच नाहीत.

सकाळी पाद्री येऊन गेले, मग तिला न्यायला गाडी आली आणि तीही गेली. स्वयंपाकघरात दोघं भावंडं उरली. नतालियानं कॉफी ओतली. मीनोनं दोन घोट घेतले आणि रात्रीपासून मनात असलेलं विचारलं.

"एकाएकी झालं?"

नतालियानं किटली उगाचच पुन्हा शेगडीवर ठेवली.

"विचारतोय मी. एकाएकी झालं का?"

"चारला नर्स येऊन गेली. तिनं नाडी बघितली आणि म्हणाली, भावाला बोलावून घ्या. रात्र काढतील, उद्याचं सांगता येत नाही."

"चारला?" मीनोनं कप खाली आदळला. "चारला कळलं, आणि मला फोन साडेआठला? सगळं संपल्यावर? मी घरी होतो नतालिया! चारपासून घरात होतो मी! माझी आई नव्हती का ती? जुलैचा सूड उगवलास का माझ्यावर?"

"मी फोन हातात घेतला होता."

"मग?"

"मायनं माझं मनगट धरलं. म्हणाली, वाजले किती? मी म्हटलं, सव्वाचार. म्हणाली, मग आत्ता नको. तो कामावरून आला असेल, गाडी रिकामी असेल. तू फोन केलास की तो खुळा महागाची वीज भरून येईल. नऊ वाजू दे."

मीनोनं सांडलेली कॉफी तळहातानं पुसायला घेतली.

"मी म्हटलं, माय, ऑगी घेऊन येईल त्याला. तर म्हणाली, ऑगीच्या ट्रकात डिझेल काय माउली ओतते? आणि हसली. मीनो, ती हसली रे. म्हणून मला वाटलं, वेळ आहे अजून. नर्सही म्हणाली होती, रात्र जाईल म्हणून." नतालियानं पदराशी चाळा करावा तसा टेबलक्लॉथचा कोपरा मुठीत धरला होता. "मग दर थोड्या वेळानं विचारत होती. वाजले किती. पाच, माय. वाजले किती. साडेसहा. सातला म्हणाली, आता दोनच तास. आठ वाजून गेल्यावर विचारायची थांबली. मला वाटलं, झोप लागली."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात पाण्याचा फवारा चालू होता, त्याचा आवाज येत होता. मीनो ओरडला नाही. ओरडण्यासारखं आता कुणी समोर नव्हतं.

"मी एसी लावून झोपलो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"तिच्या खोलीत नवा एसी बसवलाय. कालच. साडेपाचपासून चालू होता. चार ते नऊमध्ये. तिच्या पलंगावर झोपलो होतो मी गार हवेत, आणि ती इथे नऊ वाजायची वाट बघत होती."

"तिला सांगितलं होतंस?"

"आली की दाखवणार होतो."

नतालियानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिनं हात काढले आणि अगदी हळू विचारलं, "किती पैसे जास्त लागले असते रे? चारला निघाला असतास तर?"

हे असले हिशेब मीनोला तोंडपाठ असायचे. लॉस बॅनोसला हायवेवर झटपट भरून देणारा चार्जर आहे. तीस टक्क्यांत तिथवर सहज जाता आलं असतं. तिथेही चार ते नऊ चढाच भाव, युनिटला चौसष्ट सेंट. घरी मध्यरात्री एकतीस. बावीस युनिटं भरली असती तर फ्रेस्नो गाठता आलं असतं. सव्वाचारला निघून अर्धा तास चार्जरपर्यंत, पाऊण तास भरायला, पुढे सव्वा तास रस्ता. पावणेसातला तो तिच्या उशाशी असता. वाजले किती, हे तिनं त्याला विचारलं असतं.

"जास्तीचे सात डॉलर," तो म्हणाला. "सात डॉलर सव्वीस सेंट."

"सात?"

"सात."

"तिला वाटत होतं, तुझं घर जाईल," नतालिया म्हणाली. "मला खरंच तसं म्हणाली होती ती. सात डॉलर आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं?"

मीनो टेबलाची कड धरून बसला होता.

"जास्तीचा आकडा मी तिला कधी सांगितलाच नाही," तो म्हणाला. "मी नुसताच ओरडलो."